जूनचे पैसे

माणदेशात पाऊस कमी. पण जेवढा येतो तेवढा उघड्यावरच्या संसाराला पुष्कळ होतो. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या कांताबाईंना बँकेत बचत खातं उघडायचं होतं. पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घ्यायचा, पोरंबाळं भिजू द्यायची नाहीत, एवढाच बेत. बँकेने खातं उघडून दिलं नाही; रक्कम फार लहान होती. कांताबाईंनी हे चेतना गाला-सिन्हांना सांगितलं. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या आणि लग्नानंतर म्हसवडला राहिलेल्या चेतनाताईंनी ठरवलं, मग आपणच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि फेटाळला गेला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बायका गावी परतल्या, अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, असं म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

चेतनाताईंनी ही गोष्ट देशात आणि परदेशात अनेकदा सांगितली आहे. ऐकणारे बहुधा त्यातल्या बँकेपाशी, बायकांच्या धिटाईपाशी थांबतात. मी गेली काही वर्षं त्या कागदापाशी थांबून राहिले आहे.

कारण कागदाला किंमत होती, दुकानात जाऊन विचारता येईल अशी. त्याला तारीख होती: मिरगाच्या आत. आणि तो एकदा डोक्यावर ताणला की ते काम संपणार होतं. कांताबाईंच्या काळज्या काय एवढ्या एकाच असतील? घर नाही, जागा नाही, उद्याच्या कामाची खात्री नाही. त्या सगळ्या ढिगातून त्यांनी हाताला येईल असा एक तुकडा बाहेर काढला होता आणि त्याच्यासाठी पैसे बाजूला टाकायचं ठरवलं होतं. पैशाच्या चिंतेवर मी आजवर ऐकलेल्या सल्ल्यांपैकी याहून शहाणं काही मला आठवत नाही.

मला हे कळायला २०२० साल यावं लागलं. टाळेबंदीत आमच्या घरात एकाचा पगार निम्म्यावर आला आणि दुसऱ्याचा तीन महिने आलाच नाही. घराचं कर्ज होतं. सासऱ्यांची औषधं होती. मुलीची शाळा मोबाइलवर भरत होती आणि घरात मोबाइल कमी होते. तसं पाहिलं तर आम्ही उपाशी नव्हतो. रेशनच्या रांगेत उन्हात उभ्या असलेल्या माणसांपुढे आमचं दुःख बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. पण पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. बँकेचा मेसेज आला की मी फोन पालथा घालायचे. किती शिल्लक आहे ते पाहायचं नाही, कारण पाहिलं की खरं होईल. महिनाभर मी खात्याकडे फिरकले नाही आणि त्या महिन्यात दोन हप्ते परत जाऊन त्यांचा दंड भरावा लागला. पाहिलं असतं तर दुसऱ्या खात्यातून पैसे वळवता आले असते.

शेवटी एका रात्री भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्याच्या मागच्या कोऱ्या जागेत मी सगळं लिहिलं. कुणाचे किती, कधीपर्यंत. अर्धा तास लागला. रक्कम माझ्या भीतीपेक्षा बरीच लहान निघाली असं सांगायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. ती मोठीच होती. तरीही त्या रात्री मी सहा तास सलग झोपले. आकडा कितीही मोठा असला तरी त्याला शेवट असतो, शेवटचा अंक असतो. अंधारातल्या भीतीला तो नसतो.

हे माझ्या एकटीच्या मनाचे खेळ नव्हते, हे पुढे वाचनातून समजलं. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांचा एक अभ्यास आला. त्यांनी तमिळनाडूतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी निवडले. ऊस हे वर्षातून एकदा पैसा देणारं पीक. तोडणीआधी घर रिकामं असतं, दागिने गहाण असतात, उसनवारी सुरू असते. तोडणीनंतर हातात पैसा असतो. त्याच शेतकऱ्याला तोडणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. आधी तो कमी पडला, नंतर बरा ठरला. माणूस तोच, शेत तेच. बदलला होता तो फक्त हातातला पैसा. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा खाते, विचाराला जागा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. या अभ्यासावर पुढे इतर संशोधकांनी शंकाही घेतल्या आहेत आणि फरक नेमका किती यावर वाद आहेत. पण कराड-वाळव्याच्या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही त्यातलं मूळ सांगावं लागत नाही. ऊस तुटून गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. ते १४ दिवस लांबत जातात तेव्हा घरातली माणसं कशी बोलतात, कशावरून भांडतात, साधी पावती कुठे ठेवली ते कशी विसरतात, हे मी माझ्या मामांच्या घरी पाहिलेलं आहे.

म्हणून चिंतेत बुडालेल्या माणसाला मोठा बेत सांगणं मला चुकीचं वाटतं. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर नेहमी लिहिलेलं असतं: सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. सल्ला खरा आहे, पण ज्याच्या खात्यात महिन्याच्या वीस तारखेला तीनशे रुपये उरतात त्याला सहा महिन्यांचा खर्च ही रक्कम चंद्रावरची वाटते. तो ते पान मिटतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, तुम्ही शिल्लक टाकता का? त्या म्हणाल्या, “शिल्लक कुठली हो ताई. सिलिंडरचं तेवढं मी बाजूला ठेवते.” एका सिलिंडरचे पैसे. तो संपला की त्यांना कुणापुढे हात पसरावा लागत नाही, चार दिवस वडापावावर काढावे लागत नाहीत. सहा महिन्यांच्या खर्चाची सुरुवात हीच असते हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

सिलिंडरचे पैसे साठले की पुढचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘तापाचे पैसे’. घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरची फी, रक्ततपासणी, गोळ्या आणि दोन दिवसांचा बुडालेला पगार. त्यानंतर जून.

महाराष्ट्रातल्या साध्या घराला जूनइतका कठीण महिना दुसरा नाही. शाळा उघडतात, म्हणजे वह्या, गणवेश, बूट, रिक्षावाल्याचे पैसे. मिरग लागतो, म्हणजे बियाणं, खत, औताचं भाडं. छपराचे पत्रे, छत्र्या, रेनकोट. याच दिवसांत बांधकामं थांबतात, म्हणजे बिगारी आणि गवंडी घरी. खर्च चारी बाजूंनी येतो आणि आवक नेमकी तेव्हाच आटते. गंमत बघा, दिवाळीसाठी आपल्याकडे भिशी आहे, दुकानदाराकडे महिन्याला थोडे थोडे भरून तेल-साखर-रवा घ्यायचा दिवाळी फंड आहे. सणाची तयारी आपण वर्षभर करतो. जून मात्र दरवर्षी अचानक आल्यासारखा येतो. मावशींनी त्याला दिवाळीचा मान दिला होता. जानेवारीपासून आठवड्याला शंभर. जूनपर्यंत दोन हजारांच्या वर जातात. वह्या, गणवेश आणि बूट त्यात बसतात.

माझी आई हेच डब्यांनी करायची. वडील एसटीत कंडक्टर. पगार झाला की आई स्टीलच्या सहा डब्या ओळीने मांडायची, त्यांवर नावं लिहिलेली नव्हती पण आम्हा सगळ्यांना पाठ होती: दूध, भाडं, किराणा, शाळा, गावाकडे, आणि एक नुसतीच. त्या नुसत्या डबीत कधी दोन रुपये पडायचे, कधी काहीच नाही. किराणा कमी पडला तरी शाळेच्या डबीला हात लावायचा नाही. मोठी झाल्यावर मला वाटायचं, पैसा तो पैसा, त्याला कसली नावं? या डबीतले त्या डबीत घातले तर काय बिघडतं? अर्थशास्त्राच्या पुस्तकातही असंच लिहिलेलं असतं. पण केनियात पास्कलिन द्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला, तो आईच्या बाजूचा आहे. तिथल्या भिशीसारख्या गटांतल्या माणसांना त्यांनी आरोग्यासाठी बचत करायला वेगवेगळ्या पद्धती दिल्या. काहींना फक्त कुलपाची एक साधी पेटी दिली आणि कशासाठी साठवणार ते आधी ठरवायला सांगितलं. कुणाची मच्छरदाणी, कुणाचं आणखी काही. एवढ्याने आरोग्यावरचा खर्च चांगलाच वाढला. आणखी एका गटाच्या पेटीची किल्ली संशोधकांच्या माणसाकडे ठेवली होती, म्हणजे मोह झाला तरी उघडता येऊ नये. ती पेटी या कामी तितकी उपयोगी पडली नाही. किल्ली आपल्याच कमरेला हवी, पण पैशाला नाव हवं. नाव असलं की शेजारी, दीर, सासू, नवरा, कुणीही मागायला आलं तरी सांगता येतं: हे शाळेचे आहेत. ते ‘शिल्लक’ असतात तेव्हा त्यांच्यावर सगळ्यांचा हक्क असतो.

नाव आणि आकडा झाला. पण रोज आठवण कोण करून देणार?

कराडच्या मंडईत मी एक संध्याकाळ एका पिग्मी एजंटाबरोबर फिरले. त्यांचं वय साठीच्या जवळपास, खांद्याला रेक्झिनची पिशवी, हातात पावती काढणारं छोटं यंत्र. साडेपाचला कोथिंबीरवालीपासून सुरुवात, आठला केळीवाल्यापाशी शेवट. पन्नास, शंभर, कुणाचे वीस. चाकवताच्या जुड्या बांधता बांधता एका आजींनी नोट पुढे केली, वर पाहिलंही नाही. मी विचारलं, आजी, आता सगळं मोबाइलवरून होतं, तुम्ही स्वतःच बँकेत का टाकत नाही? आजींच्या आधी एजंटच बोलले. “मॅडम, मी चार दिवस आलो नाही तर पाचव्या दिवशी त्यांच्याकडं चार दिवसांचं नसतं. एकाच दिवसाचं असतं.”

पिग्मी ही कल्पना मूळची उडुपीची. तिथल्या सिंडिकेट बँकेने, तेव्हा तिचं नाव वेगळं आणि लांबलचक होतं, १९२८ साली ही योजना काढली. दारोदार जाऊन रोजचे दोन आणे गोळा करायचे. आज ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आहे, पण पिग्मी हा शब्द दक्षिण महाराष्ट्रात इतका मुरला आहे की तो परका आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. व्याज अगदी थोडं मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी मुदतीआधी पैसे काढले तर त्यातून कापून घेतात. तरी माणसं भरतात. स्टुअर्ट रदरफर्ड या अभ्यासकाने विजयवाड्याच्या झोपडपट्टीतल्या एका बाईबद्दल लिहिलं आहे. ती घरोघर एक कार्ड देते, त्यावर २२० घरं. एका घराला पाच रुपये. सगळी घरं भरली की ११०० रुपये होतात आणि ती १००० परत देते. म्हणजे बचतीवर व्याज मिळण्याऐवजी बचत करणारीच पैसे देते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही फसवणूक वाटली होती. मंडईत ती संध्याकाळ काढल्यावर वाटत नाही. त्या शंभर रुपयांत त्या बायका दारावरची रोजची थाप विकत घेतात.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती न कळल्याने आपल्याकडे अनेक घरं पोळली आहेत. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. २०२० पासून ही मर्यादा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. फलकावर दोन्हींची नावं सारखीच दिसतात, एजंट सारखाच ओळखीचा असतो. भिशीला तर काहीच आधार नाही, ती सगळी एकमेकींच्या शब्दावर चालते. म्हणून भिशी लहान असावी, बायका एकमेकींची घरं ओळखणाऱ्या असाव्यात, आणि वर्षभराची सगळी पुंजी तिथे नसावी. पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते, पाच वर्षांची असते आणि तिच्यामागे सरकार असतं. ती दारावर थाप मारत नाही. पण पगाराच्या दुसऱ्या दिवशी पोस्टात जायची सवय एकदा लागली की निभतं.

आता या सगळ्याची काळी बाजू. लहान रक्कम, ठरलेला वार, दारावर येणारा माणूस, शेजारणींचा गट: बचतीला बळ देणारी ही सगळी हत्यारं कर्ज देणाऱ्यांनी कधीच ओळखलेली आहेत. मोबाइलच्या दुकानात किंमत सांगत नाहीत, हप्ता सांगतात. फायनान्सवाल्यांच्या बैठका आठवड्याला होतात, रक्कम लहान असते, एकीने भरलं नाही तर बाकीच्या जणी तिच्या दारात जाऊन बसतात. खटाव तालुक्यातल्या एका गावात मला भेटलेल्या बाईंची तीन कर्जं होती. पहिलं म्हशीसाठी, दुसरं नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी, तिसरं पहिल्या दोघांचे हप्ते भरण्यासाठी. मंगळवारी एक कंपनी, गुरुवारी दुसरी, शनिवारी तिसरी. मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यांच्या घरात तिन्ही वार देवांकडून कंपन्यांकडे गेले होते. “सोमवारी रात्रीपासून पोटात गोळा यायचा,” त्या म्हणाल्या. “मंगळवार झाला की एक रात झोप. मग बुधवारी परत.”

रिझर्व्ह बँकेचा मार्च २०२२ चा नियम असा आहे की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेल्या अशा कर्जांत, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. या बाईंना तो नियम कुणी सांगितला नव्हता. त्यांचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याहून कितीतरी पुढे गेले होते. याच नियमात आणखी एक वाक्य आहे: अशा कर्जाची मुदतीआधी परतफेड केली तर दंड घेता येत नाही. ते त्यांच्या कामी आलं.

त्यांच्या बचत गटातल्या सचिव ताईंनी एके दिवशी तिन्ही पासबुकं मागवून घेतली आणि तिन्हींची बाकी एका कागदावर लिहिली. हिशोबाच्या नियमाने पाहिलं तर ज्याचं व्याज सर्वांत जास्त ते कर्ज आधी फेडावं. ताईंनी सर्वांत लहान बाकीचं आधी धरलं. गुरुवारचं. बावीसशे रुपये उरले होते. गटाने अंतर्गत कर्ज दिलं, शेकडा दोनने, आणि गुरुवार एका फेरीत मिटवून टाकला. मग गुरुवारचा हप्ता सुटला, त्यातले निम्मे गटाचं कर्ज फेडायला आणि निम्मे शनिवारच्या कर्जाकडे वळवले. डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ साली अमेरिकेतल्या कर्जबाजारी ग्राहकांच्या नोंदी तपासून हेच सांगितलं: पूर्ण बंद केलेल्या खात्यांची संख्या जितकी जास्त, तितका माणूस सगळ्या कर्जातून बाहेर पडण्याचा संभव अधिक. थोडं व्याज जास्त जातं खरं. पण मनाला एक दार बंद झालेलं दिसावं लागतं. मी त्या बाईंना विचारलं, आता गुरुवारी काय करता? त्या म्हणाल्या, “काय न्हाई. दत्ताला जाते. सात महिनं गेले नव्हते.”

मंगळवार अजून आहे. शनिवारही आहे.

हे लिहिताना मला एक भीती सतत वाटत आली आहे. बचतीच्या गोष्टी सांगता सांगता आपण नकळत असं सुचवतो की गरिबाची अडचण ही त्याच्या सवयींची अडचण आहे. ते खरं नाही. बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामाचे सगळे महिने ती फेडण्यात जातात. त्या बाईला डब्या मांडायला सांगणं क्रूरपणाचं आहे. तिला हवी आहे मजुरी, मुलांसाठी हंगामी वसतिगृह, दवाखाना, आणि फिटलेल्या उचलीची लेखी पावती. लहान उद्दिष्टं पगाराची जागा घेऊ शकत नाहीत. ती करतात ते एवढंच: जिथे थोडीशी हालचाल करायला जागा आहे, पण भीतीने हात-पाय गारठले आहेत, तिथे पहिली हालचाल घडवतात. आणि भीती त्याही पलीकडे गेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर आकडेमोड राहू द्यावी आणि १४४१६ हा क्रमांक फिरवावा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, कुठल्याही वेळी लागते, मराठीत बोलता येतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपल्या राज्याने इतकी वर्षं वाचल्या आहेत. हा आकडा तरी प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असायला हवा.

त्या सचिव ताईंनीच मला गटाच्या बैठकीला बोलावलं होतं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, समाजमंदिर, संध्याकाळचे सात. बारा बायका. सतरंजी, एक लोखंडी पेटी, तीन वह्या. बचत गटांची पंचसूत्री भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, हिशोब लिहिणं. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरातले ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, त्यातून हे सगळं वाढत गेलं. महाराष्ट्रात माविम हे राज्याचं महिला महामंडळ आणि पुढे उमेद हे अभियान यांनी ते वाड्यावस्त्यांपर्यंत नेलं. समाजमंदिरात यातलं कुणी काही बोलत नव्हतं. तिथे बोलणं चालू होतं ते जूनचं.

प्रत्येकीचे दोनशे, मिळून चोवीसशे. मग मागच्या कर्जांची परतफेड. मग मागणी. एकीला सोयाबीनच्या बियाण्याला पाच हजार. एकीला दोन पोरांच्या गणवेशाला आणि वह्यांना पंधराशे. एका आजींनी आठशे मागितले. कशाला, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. “कागद घ्यायचाय. गोठ्यावर टाकायला. औंदा म्हस व्यायची हाय.” मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आठशेत येतो का कागद, यावर चर्चा झाली. वडूजला मिळतो, जाड घ्या, पातळ दोन पावसांत फाटतो, हजार लिहा. हजार लिहिले.

हिशोब मिटवायची वेळ आली तेव्हा रोख वीस रुपयांनी कमी भरली. ताईंनी पुन्हा मोजली. कमीच. मग वह्या वाचायला घेतल्या, एकेक नाव, एकेक आकडा, ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्या बोटांवर धरत होत्या. मला घरी जायचं होतं, शेवटची एसटी साडेआठची. मी पर्स उघडली आणि म्हटलं, वीसच तर आहेत, माझ्याकडून घाला आणि बंद करा पेटी.

बारा जणींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. लहान मुलाने परीक्षेत कॉपी करतो म्हटल्यावर शिक्षक पाहतात तसं. “मग ते आमचं वीस कुठं गेलं ते कसं कळंल?” आजी म्हणाल्या.

तिसऱ्यांदा मोजणी झाली. आता नोटा सुट्या करून, सतरंजीवर ओळीने मांडून. पन्नासच्या एका ओल्या नोटेला मागून वीसची नोट चिकटली होती. ताईंनी ती अलगद सोडवली, पदराने पुसली आणि विसांच्या ओळीत शेवटी ठेवली. मग वहीत रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिली. नऊ जणींनी पाळीपाळीने सह्या केल्या, तिघींनी अंगठे. पेटीला कुलूप लागलं. माझी एसटी गेली होती. आजींनी मला त्यांच्याकडे भाकरी खायला नेलं.